नावेत माणसं किती?

कागदावर एकदाही खोटं न लिहिलेला माणूस चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मिळून एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला भाटवे म्हणून आला. भाटवे म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. अशा माणसाच्या विम्याच्या अर्जात, 'अपघाताच्या वेळी नावेत माणसं किती?' या प्रश्नापुढे मी २ हा आकडा टाकला. नावेत ते एकटे होते. ताईला जाऊन कितीतरी पावसाळे झाले होते, तिच्या पुण्यानुमोदनाचा स्वयंपाक मीच केला होता, आणि तरीही टाकला. नातवंडं आता विचारतात, "आजी, तू इतकी बावळट होतीस?" मी सांगते, बावळट नव्हते रे, नुकतीच कॉम्प्युटर शिकले होते. ते जास्त वाईट.

भाऊजी माजरीच्या कोळसा खाणीत काटाबाबू होते. ट्रक काट्यावर चढला की भरलेला किती, रिकामा किती, हे लिहायचं, एवढंच काम. पण ते त्यांच्या अंगात असं मुरलं की निवृत्तीनंतरही ते जग तोलत राहिले. टरबूज हातात घेऊन त्याचं वजन सांगत, आणि दुकानदाराचा काटा वेगळं म्हणाला तर काटा दुरुस्त करायला लावत. पाहुणा ओसरीवर चढता चढता ते त्याला नजरेनं तोलत. मला तर दारातच ऐकवायचे, "काऊन व, दिवाळीपासून तीन किलो चढली!" आणि ते खरं असायचं, म्हणूनच फार लागायचं.

ताईला समुद्र पाहायचा होता. निवृत्त झालो की नेतो, असं भाऊजी आयुष्यभर सांगत आले, आणि निवृत्तीच्या आदल्या हिवाळ्यात ती गेली. मग या माणसानं काय करावं? विशाखापट्टणमच्या कुण्या साहेबाची जुनी शिडाची यॉट विकत घेतली आणि ट्रकवर आडवी घालून सिरोंच्याच्या रस्त्यानं आमच्या गावच्या तलावावर आणली. वाटेत नाक्यावरच्या शिपायानं विचारलं, हे काय? भाऊजी म्हणाले, "बायको समुद्राकडे गेली नाई, मनून समुद्राचं सामान तिच्याकडे नेऊन राह्यलो." शिपायानं फाटक वर केलं. ग्रामपंचायतीनं मात्र अट घातली, विमा काढल्याशिवाय जहाज पाण्यात उतरवायचं नाही. तो त्यांनी काढला. कमळं, शिंगाडे आणि म्हशी असलेल्या तलावात विमा उतरवलेली यॉट पाहायला पार एटापल्लीहून माणसं येत.

रोज संध्याकाळी भाऊजी डाव्या कडेला सुकाणू धरून बसत. उजव्या कडेला ताईच्या हिरव्या लुगड्याची घडी, घडीपुढे चहाचा पितळी पेला, आणि बुडू नये म्हणून घालतात ते नारिंगी जॅकेट. आमचं घर बौद्ध. भुताखेताला उंबऱ्याच्या आत परवानगी नाही. म्हणून एकदा मीच त्यांची समजूत घालायला नावेत चढले. कार्तिकाचे दिवस, पाण्यावर धुकं, समोरच्या काठावरचं जंगल हळूहळू पुसलं जात होतं. त्यांनी मला मधे बसवलं. वारा पडला, शीड लुळं झालं, आणि माझ्या लक्षात आलं की नाव कललेली नाही. एक माणूस डाव्या कडेला बसलाय, उजवीकडे कोणी नाही, तरी ती ताटासारखी सरळ.

"भाऊजी, नाव तुमच्याकडे कलत कशी नाही?"

"दोन्हीकडे सारखं वजन आहे, मनून."

"तिकडे तर कोणीच नाही!"

"मी कधी वजन चुकलो काय व?"

मी तेव्हा फार विज्ञाननिष्ठ होते, म्हणजे घाबरले की आवाज चढवायचे. काही नाही तिथे, असं ओरडत उठले आणि त्या घडीवर जाऊन बसले. नाव उजवीकडे अशी झुकली की पाणी थेट नावेच्या काठाला लागलं. भाऊजी किंचाळले, "ऊठ, ऊठ! तिच्या मांडीवर काऊन बसते!" त्या काळी मी भरल्या पोत्यासारखी होते, हे मान्य. पण ते झुकणं एका पोत्याचं नव्हतं. मी सरपटत मधे आले, आणि भूत हा शब्द त्यानंतर त्या घरात काढलाच नाही.

मग वैशाखात वादळ आलं. तलावाच्या मधोमध नाव उलटली आणि गाळात जाऊन बसली. भाऊजींना ढिवरांनी, म्हणजे तलावावरच्या मासेमारांनी, ओढून काढलं. ते काठावर आले आणि अंग पुसायच्या आधी म्हणाले, "विम्याचे कागद करा. नाव वर काढा लागते." गावात इंग्रजी अर्ज भरणारी मी एकटी, आणि त्याचा मला भलता तोरा. कॉम्प्युटर मांडून बसले. अर्ज होता खऱ्या समुद्रासाठी.

"जवळचं बंदर कोणतं?"

"बल्लारपूर जंक्शन लिव. तिथून माल कुठी बी जाते."

"भरती होती की ओहोटी?"

"म्हशी उतरल्या का भरती, निघाल्या का ओहोटी. तवा म्हशी घरी गेल्या होत्या. ओहोटी लिव."

"समुद्री चाच्यांचा त्रास?"

"काठावर वाघ येते. पन तो पाणी पिते अन् जाते."

"नावेत माणसं किती?"

"दोन."

मी दोन टाकलं. नुसतं टाकलं नाही, पडद्यावरची नजर न उचलता मी विचारलं, "ताईला लागलं तर नाही ना?" ते नाही म्हणाले. बरं झालं, असं म्हणून मी बटण दाबलं आणि चहा ठेवायला उठले.

दोन बुडाले आणि एकच सापडला, असा अर्थ लावून कंपनीनं पोलिसांना कळवलं. गाव काठावर जमलं. ढिवरांनी जाळं टाकलं, ओढलं. पाण्यातून आधी दोन नारिंगी खांदे वर आले. मान नव्हती. खांदे सरळ उभे, पुढची तिन्ही बकलं बंद, आणि आत फक्त पाणी. जाळं ओढणाऱ्याच्या हातातून दोर सुटला. नागपूरहून आलेला विम्याचा सर्वेक्षक, चकचकीत बुटातला पोरगेला साहेब, भाऊजींना हळूच म्हणाला, "हे रिकामं जॅकेट बंद कसं काय?"

"तिले बक्कल लावता येत नाई, साहेब," भाऊजी म्हणाले. "मीच लावून देतो."

साहेब भला होता. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, तुमच्या भाऊजींनी 'मी एकटाच होतो' एवढं लिहून द्यावं, दावा पास होईल. भाऊजी ऐकेनात. "काटा जे दाखवते थेच लिवतो मी." तिकडे नाव गाळात, इकडे हा माणूस घाटाच्या पायरीवर. जेवण सुटलं, वजन उतरलं; ते कळायला मला काट्याची गरज लागली नाही. मी रागावले तर म्हणाले, "तुही ताई नाव सोडून कुठी जात नाई. खाली अंधारात बसली असन." ऐन उन्हाळ्यात माझ्या हातावर काटा आला.

शेवटी मीच कागद केला. अर्ज मी भरला, दोन हा आकडा माझ्या चुकीनं पडला, नावेत दुसरं कोणीही नव्हतं. भाऊजींनी काही लिहायचं नव्हतं. खोटं, किंवा खरं म्हणा, माझ्या एकटीच्या नावावर. दावा पास झाला, नाव वर आली. मग पाच-सहा वर्षं ते ती चालवत राहिले, आणि एका सकाळी ओसरीवर बसल्या बसल्या गेले.

नाव अजून घाटाला बांधलेली आहे. शीड काढून ठेवलंय, आत कोणी बसत नाही. तरी ती पाण्यात बरीच खोल बसते, आणि अगदी सरळ. पावसाचं पाणी साचलं असेल, असं मी नातवंडांना सांगते. मात्र ते उपसायला अजून मी कोणाला सांगितलेलं नाही. संध्याकाळी पायरीवर बसते, ताईशी एक गोष्ट बोलायची राहिली आहे ती जुळवत असते, आणि अंधार पडला की न बोलताच उठते. कारण त्या कागदावर मी सही करत होते तेव्हा भाऊजींनी तो दोनदा वाचला, पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले,

"कर तू सही. पन तुही ताई नावेत नव्हती, हे तिले तूच सांगजो. माह्यानं नाई होत."