शेळीच्या कानातली गोचीड

दौलताबादचा घाट लागला तेव्हा दगडाबाई पहिल्यांदा थांबल्या. श्रावणातला शनिवार होता. हर्सूलहून आम्ही दोघी पहाटेच निघालो होतो, खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी.

"दम लागला का, दगडाबाई?"

"मला कशाचा दम? तूच हाफायली मघापासून, म्हणून थांबले," म्हणत त्या कठड्यावर टेकल्या.

नातीचा नवस फेडायचा आहे, एवढंच मला माहीत होतं.

दगडाबाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. साठी कधीच ओलांडली. नवरा गेल्यावर शेळ्यांवर घर चालवलं, पोराला शिकवलं. गंगापूरकडची माणसंसुद्धा त्यांच्याकडं शेळी घ्यायला येतात, कारण बाईंच्या शेळीवर गोचीड सापडत नाही. सापडेल कशी? रोज दुपारी त्या एकेक शेळी गुडघ्याशी घेऊन बसायच्या, कान उलटा करून पाहायच्या, गोचीड दिसली की ओढून अंगठ्याच्या नखावर फोडायच्या. नऊ वर्षांच्या संस्कृतीला, नातीला, त्यांनीच हे शिकवलं. मे महिन्याच्या सुट्टीत आजी-नात दोघी मिळून फोडत बसायच्या.

त्याच सुट्टीत पोरीला ताप भरला. जवळच्या दवाखान्यात टायफॉईड समजून सलाईन झालं, इंजेक्शनं झाली, ताप हटेना. मग मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात जनावरं आहेत का, गोचीड वगैरे चावली का.

"अन् मी काय म्हणले असेन?" दगडाबाई घाटाखाली बघत बोलायला लागल्या. "म्हणलं, आमच्या शेळीवर गोचीड नसती मॅडम, कुणालाबी विचारा. संध्या केसपेपर काढाया गेलेली, अन् शेजारच्या खाटेपाशी आमचंच गिऱ्हाईक बसलेलं. त्याच्यासमोर कसं म्हणू, हाय म्हणून?"

मी मनात मारुतीचं नाव घेत होते, ते थांबलं.

तीन दिवस तसेच गेले. चौथ्या दिवशी सून, संध्या, औषधं आणायला खाली गेली होती. दगडाबाई ओल्या फडक्यानं पोरीचे हात पुसत होत्या. तळहातावर लाल बारीक ठिपके दिसले. तळपाय पाहिले, तिथंही तेच. त्या तशाच डॉक्टरीणबाईंकडं गेल्या.

"म्हणलं, मॅडम, मी खोटं बोलले. गोचीड हाय. पोरगी हातानं फोडती."

"रागावल्या का त्या?"

"नाय गं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बसवून समजावलं मला. म्हणल्या, गोचीड चावायलाच पाहिजे असं नाय आजी, फोडली की तिच्यातले जंतू नखाजवळच्या चिरेतून आत जातेत. अन् रगतात मोकळे फिरत नाय बसत. शिरेच्या आतल्या अस्तरात घुसतेत, तिथंच वाढतेत, मग शीर पाझराया लागती. आधीच्या औषधांचा त्यांच्यावर जोर चालत नाय. ही गोळी अस्तराच्या आत शिरती, म्हणल्या. तवाच्या तवा चालू केली."

दोन दिवसांत ताप उतरला. पण डाव्या पायाच्या करंगळीला रक्त पोचलं नव्हतं. तिचा शेंडा काळा पडला आणि पुढं गळून गेला. चप्पल घालताना संस्कृती आता हसून सांगते, माझी करंगळी सुट्टीवर गेली. आजी तेवढ्यापुरतं तोंड फिरवते.

शेळ्यांची गोचीड त्या अजून काढतात, पण हातात जुने मोजे घालून, चिमट्यानं, आणि साबणाच्या पाण्यात टाकतात. पोरीला जवळ फिरकू देत नाहीत.

"पहिल्याच दिवशी खरं बोलले असते तर बोट राहिलं असतं," त्या म्हणाल्या.

"संध्याला माहीत आहे?"

"तिला वाटतं गोचीडीचं डॉक्टरीणबाईनंच हुडकून काढलं. गल्लीभर सांगती, ठिपके माझ्या सासूलाच दिसले, आत्यानं माझी पोरगी वाचवली. सणाला पाया पडती तवा पाय मागं घ्यावे वाटतेत."

"मग आज देवापुढं सांगून मोकळ्या व्हा," मी म्हणाले.

"त्याला ठावंच हाय. त्याला काय सांगायचं? सांगायचंय तिला."

माणसं आमच्या बाजूनं घाट चढत होती. दगडाबाई उठल्या, लुगड्याची धूळ झटकली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या,

"तनुजा, उद्या दुपारच्याला घरी येशील का? तू काय बोलू नको. मी सांगत असताना नुस्ती माझ्या बाजूला बस. अन् मधीच उठून मी शेळ्यांकडं निघाले, तर हात धरून खाली बसव."