वहिनींची पोर्ट वाइन

अन्याय वहिनींवर झाला. कधी, तेही सांगते: गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या संध्याकाळी, जपानी साहेबांची पाठ वळली त्या क्षणी.

वहिनी जपानात, फुनाबोरीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या यजमानांना मी दादा म्हणते. दादांच्या ऑफिसातले साहेब फराळाला आले होते, आणि आमच्या मराठी मंडळातली काही कुटुंबंही. जाताना साहेबांनी दोन्ही हातांनी एक बाटली पुढे केली, ती वहिनींपुढे. "ओकुसानसाठी," म्हणजे घरच्या बाईंसाठी. पोर्तुगालची पोर्ट वाइन. वहिनींनी वाकून घेतली, टेबलावर ठेवली आणि पुऱ्या तळायला आत गेल्या.

बाहेर आल्या तोवर पुरुषमंडळींनी ती उघडून पेल्यांत ओतली होती. वर बर्फ आणि सोडा!

"हे तर खोकल्याचं औषध," दादा म्हणाले. "बायकांची दारू."

"मग बायकांना द्या की," मी म्हणाले.

"अगं, आपल्या बायका कुठे पितात?"

बायकांपुढे संत्र्याचा रस आला. उरलेली वाइन सिंकमध्ये गेली. जिची भेट, तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

कॉलेजात मी पत्रकं लिहायचे. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर टाकायला जळजळीत मजकूर लिहिला आणि आधी वहिनींना दाखवला.

"झकास आहे," त्या म्हणाल्या. "पण मला भांडण नकोय गं. मला चव हवी होती."

मग काय, निघालो दोघी स्टेशनजवळच्या वाइनच्या दुकानात. दादा ऑफिसात इंग्रजीवर भागवतात. शाळेच्या सभा आणि कचऱ्याचं वर्गीकरण वहिनींच्या गळ्यात, त्यामुळे त्यांचं जपानी फर्मास. त्यांनी दुकानदाराला सरळ विचारलं, पोर्ट गोड कशी होते? तो खुलला. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाची कडक दारू मिसळतात, म्हणाला. आंबणं थांबतं, साखर मागे उरते. त्याने दोन चिमुकल्या पेल्यांत चव दिली. पहिली लालभडक, चवीला जांभळासारखी. दुसरी पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली, तपकिरी.

वहिनींनी तपकिरीचा घोट जिभेवर घोळवला. मग म्हणाल्या, "सुकं अंजीर. अक्रोड. आणि काकवी, कढईच्या तळाला किंचित लागलेली."

मी घोट घेतला. अगदी तस्सं! आणि गिळल्यावरही ती ऊब घशात रेंगाळत राहिली. इतकी वर्षं आम्हाला हे कोणी का सांगितलं नाही, याचा मला पुन्हा नव्याने राग आला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनींनी तपकिरी पोर्ट गुळपोळीबरोबर मांडली. तूप, तीळ, गूळ आणि वर तो घोट! प्रत्येकीला विचारलं, "घेणार?" काहींनी घेतली, काहींनी कोकम मागितलं. पहिल्यांदाच घेणाऱ्या एक काकू म्हणाल्या, "अगोबाई, हिच्यापुढे गुळपोळी फिकी पडली की!" सगळ्या खिदळल्या.

तेवढ्यात दादा घरी आले. दारातच थबकले.

"मला नाही विचारणार?"

"विचारतेय ना," वहिनी म्हणाल्या. "घेणार?"

दादांनी घेतली. नुसती. खाली बसले, दुसरा घोट हळू घेतला आणि म्हणाले, "दिवाळीची ती बाटली तुझी होती, नाही का."

वहिनींनी मान डोलावली आणि त्यांच्या ताटात पोळी वाढली.

आता तुम्हाला सांगते. तुमच्या घरी पुढची बाटली उघडेल, तेव्हा पहिला पेला घरातल्या बाईपुढे ठेवा आणि विचारा. ती नको म्हणाली तर नको. पण तिचं उत्तर तुम्ही देऊ नका.