भट्टीतली मानाची जागा

जपानात मेइजी बादशहाच्या आठव्या वर्षी तारेचे खांब आरिताच्या खिंडीपर्यंत आले आणि थबकले. खांब होते, तारही होती. तार खांबाला जिथे टेकते तिथली चिनी मातीची घंटी नव्हती. विलायती घंट्या येईनात, तेव्हा कुणा अधिकाऱ्याला आठवलं की आपल्याच देशात एक गाव अडीचशे वर्षं चिनी मातीशिवाय दुसरं काही करत नाही. ते गाव आरिता, आणि काम तिथल्या जिनपाची कुंभाराकडे आलं.

जिनपाचीने चाकावर शंभर पेले काढले तर शंभरही जुळे निघत. पण ही घंटी वेगळी. तिच्या पोटात आणखी एक घंटी हवी; बाहेरची पावसात भिजली तरी आतली कोरडी राहावी, म्हणजे वीज खांबावरून जमिनीत पळत नाही. अकरा दिवस आतली घंटी वाळताना तडकत राहिली. बाराव्या दिवसापासून तडकली नाही. त्याने काय केलं ते कोणी विचारलं नाही, म्हणून त्याने सांगितलं नाही.

दोनशे घंट्या भाजून झाल्या. तारखात्याचे तपासनीस साकामाकी आपली पितळी पेटी घेऊन आले, घंट्या पाण्यात उलट्या ठेवल्या, आतही पाणी भरलं आणि वीज सोडली. नऊ सोडून सगळ्यांना पेटीतला काटा हलला, म्हणजे वीज गळत होती.

"काटा बिघडला असेल, साहेब."

"नागासाकीत नीट चालत होता."

"तिथलं पाणी वेगळं."

"वीस तारखेला परत येतो," साकामाकी म्हणाले. "तेव्हाही हलला, तर घंट्या विलायतेहूनच येतील. कायमच्या."

ते गेल्यावर जिनपाचीने एक घंटी फोडली आणि फुटक्या कडेला जीभ लावली. जीभ चिकटली. म्हणजे माती कच्ची होती, पाणी पीत होती.

कारण सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त कोणाला ते कारण वाटत नव्हतं. डोंगरउतारावर चढत गेलेल्या भट्टीच्या आठ खोल्या. कोणता माल कुठे बसायचा हे पंगतीसारखं ठरलेलं. पाचवीत आच सगळ्यात चांगली, तिथे मोठ्या फुलदाण्या. मग थाळ्या, मग पेले. आणि जे भांडंच नाही, ते शेवटच्या थंड खोलीत, कौलांच्या शेजारी. घंटीत चहा ओतता येत नव्हता.

भट्टी सांभाळणारे क्यूएमोन हे जिनपाचीच्या थोरल्या बहिणीचे यजमान.

"दाजी, घंट्या पाचवीत लावू या."

"पाचवीत? खांबाच्या टोप्या? उद्या कौलं म्हणतील, आम्हालाही चौरंग द्या."

"कच्च्या राहतात हो तिथे."

"अरे, पण जागा? पाचवीतला सगळा माल दुसऱ्यांचा. त्याला मी हात लावायचा नाही." क्यूएमोन पाचवीच्या दाराकडे वळले. "एक सोडून."

ते एक म्हणजे जिनपाचीची कमरेएवढी फुलदाणी. दोन वर्षं तिच्यावर गेली होती, आणि त्यातले सात महिने त्याच्या बायकोचे; ओत्सुयाने तिच्यावर निळ्या रंगात क्रौंच पक्ष्यांचा थवा काढला होता. ती समुद्रापलीकडच्या प्रदर्शनाला जायची होती. बोट महिनाअखेरीस, आणि त्याआधी भट्टी एकदाच पेटणार होती.

त्याने घरी सांगितलं तेव्हा ओत्सुया मुळा चिरत होती. तिने आधी मुळा संपवला.

"मग ती कुठे जाणार?"

"शेवटच्या खोलीत."

"कौलांशेजारी."

"हं."

"भिंतीला टेकवू नका तेवढी. एका अंगाने काळी पडेल."

वीस तारखेला साकामाकींनी पाचवीत भाजलेल्या नव्या दोनशे घंट्या पाण्यात ठेवल्या. काटा हलेना. त्यांनी पेटीवर टिचकी मारली, पेटी उघडून पाहिली, पुन्हा मिटली. काटा तरीही हलेना. मग ते जिनपाचीपुढे वाकले, सरकारी माणूस कुंभारापुढे वाकतो त्याहून बरेच खाली.

फुलदाणी राखाडी निघाली. क्रौंच अंधुक.

"धुकं सुरेख उतरलंय," क्यूएमोन म्हणाले.

"मी ऊन काढलं होतं, भाऊजी," ओत्सुया म्हणाली.

बोट फुलदाणीशिवाय गेली. फुलदाणीत पाणी ठेवलं तर सकाळी बाहेरून ओल येई, म्हणून ओत्सुया तिच्यात चवळीसारखे लाल अझुकीचे दाणे ठेवू लागली. पुढची तेवीस वर्षं जिनपाचीने घंट्याच घडवल्या. पेल्यांवर गावात लोक आपली खूण करतात. घंटीवर नाव घालायला जागा नव्हती आणि त्यालाही सुचलं नाही. जोराचा पाऊस लागला की तो गवताचं इरलं घालून खिंडीत जाई आणि मान वर करून उभा राही. गाव त्याला खांबांचा सासरा म्हणे.

अशाच एका पावसाळ्यात, भर दुपारी, तारवाला निथळत दारात आला. नागासाकीला दिलेल्या लेकीचे दिवस भरले होते. जिनपाचीने कागद घेतला, पण उघडला नाही.

"पाऊस सगळ्या वाटेवर आहे का रे?"

"तीन दिवस, काका. नागासाकीपासून इथपर्यंत थेंब थांबलेला नाही."

ओत्सुयाने त्याच्या हातून कागद ओढून घेतला. "मुलगी झाली. दोघी सुखरूप."

"बघू." त्याने एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. "एकही गळलेलं नाही."

ओत्सुया फुलदाणीकडे गेली. शुभकार्याला त्या दाण्यांचा लाल भात शिजवायचा होता. तिने कोपरापर्यंत हात घालून चार मुठी अझुकी काढली.