दोन स्वरांचा भाडेकरू

"पळू नका." दूधवाला घाईघाईने माप ओतू लागला की वरच्या जिन्यावरून हे दोन शब्द यायचे. आवाज चढलेला नसायचा, रागही नसायचा. त्यांच्या मते सगळं मद्रास पळत होतं. बसचे कंडक्टर पळत होते, भटजी मंत्र म्हणताना पळत होते, आणि त्यांच्या हॉटेलातला ड्रमवाला तर सगळ्यांच्या पुढे पळत होता.

आम्ही घरात त्यांना "वरचे" म्हणायचो. मद्रासच्या तिरुवल्लिकेणी भागात आमचं बिऱ्हाड खाली होतं आणि जिना चढून गेलं की त्यांची एकच खोली. मालक भिंतीपलीकडे राहायचे. साठ सालाच्या पुढची, आमचा थोरला शाळेत जायला लागला त्या सुमाराची ही गोष्ट आहे. वरचे आमच्यासारखेच तंजावरकडचे मराठी. वय चाळिशीचं, लग्न झालेलं नव्हतं. दिवसा पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसून कॉफी पीत जिन्यावर बसायचे, आणि संध्याकाळी कोट-पँट चढवून माउंट रोडच्या एका हॉटेलात बँडमध्ये वाजवायला जायचे. सासूबाईंना वेष्टीतला माणूस पसंत होता. कोटातल्याबद्दल त्या काही बोलत नसत.

त्यांचं वाद्य म्हणजे बेस गिटार. चारच तारा, मान लांब, आवाज जाड आणि खालचा. ते विजेवर चालायचं, पण आवाज मोठा करणारी पेटी हॉटेलातच असायची. त्या पेटीबद्दल त्यांचं मत वाईट होतं. कोण्या मेकॅनिकने लग्नमंडपातल्या लाउडस्पीकरचे भाग जोडून ती बनवली होती. "ती पेटी माझं ऐकत नाही. तिला अजून वाटतं की ती लग्नातच आहे," असं ते सांगायचे.

मग घरी सराव कसा करायचा? तर ते गिटारीचं टोक सागवानी कपाटाला टेकवून वाजवायचे. कपाट घुमायचं, कपाटाखालची जमीन घुमायची, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवरचे पितळी पेले एकमेकांना लागून झिरझिरायचे. सासूबाई डाळ निवडता निवडता म्हणायच्या, "सुरू झाली शिकवणी."

कारण सासूबाईंची पक्की समजूत होती की ते शिकतायत. त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या सगळ्या गल्लीत दुपारी मुली वीणा शिकत, गाणं शिकत. आज सरळीचे पलटे, काही महिन्यांनी गीतं, पुढे वर्णम. महिन्यामागून महिना पुढे सरकायचं असतं. वरचे मात्र आले त्या दिवशी जे वाजवत होते तेच वर्ष उलटलं तरी वाजवत होते. धुम, धुम, मध्ये थोडी शांतता, पुन्हा धुम. सासूबाईंना त्यांची दया यायची. "दोन स्वरांच्या पुढे जात नाही गं बिचारा," असं मला म्हणायच्या, आणि शनिवारी पार्थसारथीच्या देवळातून आल्या की प्रसादाची पुडी थोरल्याच्या हाती वर पाठवायच्या. वरचे ती आनंदाने खायचे. ती कशासाठी येते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांच्याकडे लहान तबकड्या होत्या. बंदरावरच्या खलाशांकडून मिळवलेल्या. त्या गाण्यांना ते सोल म्हणायचे. अमेरिकेतले काळे लोक आधी देवळात असंच गायचे आणि मग तेच गाणं घेऊन रस्त्यावर आले, असं त्यांनी आम्हाला समजावलं. "आपल्या भजनात कसं, एक बुवा सांगतो आणि बाकीचे ओ देतात? तसंच आहे हे. फक्त देवाच्या जागी बाई आहे." एकदा त्यांनी दार उघडं ठेवून तबकडी लावली. गाणारा जिवाच्या आकांताने ओरडत होता. सासूबाईंनी खालून विचारलं, "कोणाला हाका मारतोय रे तो?"

"बायको सोडून गेलीय त्याची, आई."

"मग बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या आणि शेवटपर्यंत ऐकत बसल्या.

त्यांची मतं अशी चालता बोलता पडायची. गाणाऱ्याने रडावं, पण बेसने रडू नये. घरात एक तरी माणूस कोरड्या डोळ्याचा लागतो. सराव पोट भरेपर्यंत करू नये, थोडी भूक ठेवून उठावं. नवीन तारा बडबडतात, जुन्या तारा विचार करून बोलतात. हे शेवटचं मत त्यांना महागात पडून आलेलं होतं. परदेशी तारा मिळायच्या नाहीत म्हणून बँडमधल्या कोणी सांगितलं, जुन्याच सोडा घालून उकळा, नव्यासारख्या होतात. ते माझ्याकडून पातेलं घेऊन गेले. सासूबाई जिन्यापर्यंत जाऊन डोकावल्या आणि विचारू लागल्या, शेवया करतोस का रे? तारा खरंच नव्यासारख्या झाल्या. आठवडाभर ते तोंड पाडून फिरत होते. "झणझण करतायत, वैनी. इतक्या वर्षांनी गप्प बसायला शिकल्या होत्या." पातेलं अर्थात परत स्वयंपाकघरात आलं नाही. सासूबाईंनी ते त्यांनाच देऊन टाकलं, आणि त्यात पुढे त्यांची कॉफी व्हायला लागली.

त्यांच्याकडे ताल मोजायचं यंत्र नव्हतं. पण अंगणात हातपंप होता. सकाळी मी पाणी भरायला लागले की वर गिटार सुरू व्हायची. हे माझ्या कितीतरी दिवस लक्षातच आलं नाही. मी बादली बदलायला थांबले की वरही शांत. आधी वाटलं योगायोग असेल. मग एक दिवस पोळीचा तवा चुलीवर होता म्हणून मी भराभर दांडा मारला, तर वरून आलंच, "वैनी, पळताय." मी पदर डोक्यावर ओढून आत गेले. पण दुसऱ्या दिवसापासून दांडा एका लयीत पडू लागला, हे खरं. ह्यांच्यापाशी ते म्हणाले होते म्हणे, की आमच्या ड्रमवाल्याला महिनाभर तुमच्या पंपावर पाणी भरायला पाठवायला हवं.

मालक गाण्याचे मोठे शौकीन. मार्गळीत, म्हणजे आपल्या मार्गशीर्षात, मैलापूरच्या गाण्याच्या सभांना जायचे आणि परत येताना कोण कुठे चुकलं ते गल्लीभर सांगायचे. त्यांच्या झोपायच्या खोलीची भिंत त्या सागवानी कपाटाला लागून होती. एक दिवस ते जिना चढून वर गेले आणि सांगून आले की महिनाअखेर खोली रिकामी करा. आवाजाचं त्यांना काही नव्हतं. "आवाज सोसतो मी. पण रोज तोच? एखादा राग तरी वाजवा," असं ते जाताना म्हणाल्याचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

तुम्हाला वाटेल, मद्रासमध्ये खोल्यांना काय तोटा. पण एकटा पुरुष, रात्रीचं हॉटेलातलं काम आणि वर हे वाद्य. तिरुवल्लिकेणीतल्या बॅचलर लोकांच्या लॉजमधून, ज्यांना तिथे मॅन्शन म्हणतात, त्यांना आधीच काढलं होतं. तांबरमला खोली मिळाली असती, पण हॉटेल सुटल्यावर तिकडे जायला गाडी नसायची. म्हणजे खोली गेली की हॉटेल गेलं. ह्यांच्यापाशी ते एवढंच बोलले. त्या आठवड्यात पेले वाजले नाहीत. मी पंप मारायचे आणि वर काहीच नसायचं.

मग एका सकाळी पंपाचा वॉशर गेला म्हणून मालक अंगणात आले. वरचे बादली घेऊन जिन्यात उभे होते. सासूबाईंनी तुळशीला पाणी घालून झाल्यावर मालकांना तमिळमध्ये विचारलं, शिकणाऱ्या पोराला तुम्ही घराबाहेर काढता, हे शोभतं का?

मालक म्हणाले, "शिकणारा? मला वाटलं वाजवणारा आहे."

"वाजवतोय कसला, अय्या. दोन स्वरांच्या पुढे गेला नाही अजून. मी पार्थसारथीला नवस बोललेय त्याच्यासाठी."

ह्यांनी मला सांगितलं होतं की बंगलोरहून आलेले वाजवणारेसुद्धा त्या हॉटेलात फक्त आमच्या वरच्यांचा हात बघायला येऊन बसतात. मी त्यांच्याकडे पाहिलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एवढा मतांचा माणूस, आता काहीतरी बोलणार आणि खोली जाणार, असं मला वाटलं.

मालकांनी विचारलं, "खरं का तंबी? शिकतोस?"

त्यांनी बादली खाली ठेवली. "होय अय्या, शिकतोय."

"गुरू कोण?"

"लांब आहेत. तबकडीवरून शिकतो."

"म्हणजे एकलव्य म्हण की." मालकांचा चेहरा बदलला. विद्या अर्धवट असताना विद्यार्थ्याला घराबाहेर काढलं तर ते पाप त्यांच्या माथी बसणार होतं. त्यांच्या वडिलांनी ओसरीवर अशी कितीतरी मुलं ठेवली होती. "सरी, ठीक आहे. शिकून होईपर्यंत राहा. झालं की खोली सोड."

ह्यांना वाटलं आता वरचे हसत खाली येतील. ते आले, पण भांडायला. गिटार घेऊन सासूबाईंच्या पुढ्यात जमिनीवर बसले. "आई, दोन स्वर कोणी सांगितलं तुम्हाला? चार आहेत." गिटार आमच्या फडताळाला टेकवून त्यांनी तेच वाजवलं. सासूबाई भजनात टाळ धरणाऱ्या; डोळे मिटून बोटांवर मोजत राहिल्या.

"तीन," त्या म्हणाल्या.

"चार. चौथा मी वाजवत नाही, सोडतो. लोक नाचतात ते त्या चौथ्यावर."

"मग तो तेवढा येतो तुला," सासूबाई म्हणाल्या. "बाकीच्या तिघांचं बघ आता."

त्यावर ते इतके हसले की गिटार बाजूला ठेवावी लागली. प्रसादाच्या पुड्या पुढेही जात राहिल्या. आता कशासाठी ते त्यांना माहीत होतं, तरी खायचे.

नवरात्रात मालकांच्या घरी सरस्वतीपूजेला मुलींच्या वीणांच्या रांगेत ती लांब मानेची गिटार मांडलेली असायची, तिच्या पोटावर चंदन आणि कुंकू. हरभऱ्याचं सुंडल वाटताना मालक दरवर्षी विचारायचे, कुठवर आलं? वरचे म्हणायचे, तेच चाललंय अय्या. मालक समाधानाने मान हलवायचे. पुढे पुढे तर दुपारी भिंतीपलीकडून त्यांचं घोरणं ऐकू यायचं, आणि गिटार थांबली की घोरणंही थांबायचं.

मग कलकत्त्याच्या एका हॉटेलातून बोलावणं आलं. तिथे मोठा बँड होता, सगळं सोलच वाजवायचा, आणि ड्रमवाला पळणारा नव्हता. आयुष्यभर त्यांना जे हवं होतं ते हेच. निघायच्या दिवशी ते वेष्टी नेसून मालकांच्या पाया पडायला गेले. मी ओसरीवर होते.

"शिकून झालं?" मालकांनी विचारलं.

"झालं म्हणायचं, अय्या."

"कोण म्हणतं झालं?" मालक खुर्चीतून उठले. "रोज दुपारी ऐकतो मी. तयार नाही झालास तू अजून. राहा."

दूधवाल्यापासून देवापर्यंत सगळ्यांविषयी ज्यांचं मत तयार असायचं, ते वरचे पुन्हा वाकले. दुसऱ्यांदा पाया पडले आणि गिटार छातीशी उभी धरून रिक्षात बसले.

त्या खोलीवर भाड्याची पाटी लागली नाही. कॉलेजची पोरं यायची, बँकेतले लोक यायचे, बंद दार बघून विचारायचे. मालक त्यांना अंगणातूनच परत पाठवायचे. एक विद्यार्थी राहतो इथे, म्हणायचे. गावाला गेलाय.