मुलींना बोलवायला जाणारी बाई

“मी बसले. कई जल्दी नी.”

काही घाई नाही, असं आपल्या माळवी वळणानं, कोणाच्याही दारात पोचली की ती एवढंच म्हणायची आणि खरोखरच बसायची. देवासच्या मुलींच्या शाळेत तिचं काम साधं होतं. सकाळी घरोघर जाऊन मुलींना बोलावून आणायचं आणि दुपारी परत पोचवायचं. तेव्हा मुलींना कोणी एकटं पाठवीत नसे. अशी बाई तुमच्याही गावात असेल. पण इतर गावच्या बाया हाक मारून पुढं जात; आमची बसायची.

मी तिथं मास्तरीण होते. दक्षिणेतून, म्हणजे देशावरून, ट्रेनिंग घेऊन नुकतीच आलेली, बावीस वर्षांची विधवा, आणि तोंडात नियमच नियम. त्या वेळची माझी तडफ आठवली तरी आता दमायला होतं.

घंटा आठाला व्हायची आणि मुली यायच्या नवाला, कारण बाई बसलेली असायची. एका घरी तांदूळ निवडायची, दुसऱ्या घरी लसूण सोलून द्यायची. सासूचं गाऱ्हाणं ऐकायची, मग सुनेचं ऐकायची, आणि एकीचं दुसरीला कधी कळू द्यायची नाही. मग मला येऊन सांगायची की गोदीकडे आज पुरण आहे, ती अर्ध्या शाळेला येईल. ही शाळा आहे की मुदपाकखाना, असं मी विचारलं की ती मान डोलवायची. जणू मी फार शहाणपणाचं बोलले.

मुलींत खरी हुशार होती यमू. नऊ वर्षांची, पण पुस्तक हातात आलं की शेवटच्या पानापर्यंत सोडायची नाही. देवासात एका गावाचे दोन दरबार, थोरली पाती आणि धाकटी पाती. शाळा थोरल्या पातीची आणि यमूचे वडील धाकट्या पातीत कारकून, म्हणून तिच्या आजीला शाळेचं आधीच वावडं. त्यात यमूची आई बाळंतपणापासून अंथरुणावर. तान्ह्या भावाचा पाळणा यमूच्याच गळ्यात होता. शाळा सुटायला तेवढं कारण पुरे होतं.

पण बाई होती. घर कडक सोवळ्याचं, तिला आत घेत नसत. ती उंबऱ्याबाहेर बसे आणि पाळण्याची दोरी तिच्या हातात बाहेर आलेली असे. बाळ झोपेपर्यंत ती दोरी ओढत राही. तोवर यमूची वेणी होई, दोन घास होत, आणि आजीला नाही म्हणायला काही उरत नसे.

हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा मला फक्त उशीर दिसत होता. भाद्रपदात एक दिवस मी बाईला सांगितलं की उद्यापासून रस्त्यातून हाक मारायची आणि पुढं चालायचं. घंटा झाली की दार बंद.

“यमूकडे पण?” तिनं विचारलं.

“यमूकडे पण.”

“बरं,” ती म्हणाली.

पहिल्या आठवड्यात मुली वेळेवर आल्या, पण निम्म्याच. पुढच्या आठवड्यात त्याहून कमी. यमू तर पहिल्या दिवसापासूनच नाही. मी मोठ्या रुबाबात हजेरीपटावर गैरहजरी मांडत राहिले. शेवटी स्वतःच तिच्या घरी गेले. आजी बाहेर आलीच नाही, आतूनच बोलली.

“शाळा तुमची आहे, मास्तरीणबाई. पोर आमची आहे.”

मी तशीच परतले आणि बाईला म्हटलं, जाऊन बस. मला लाज वाटत होती, हे सांगून टाकते. ती हसली नाही, टोमणाही मारला नाही. दुसऱ्या सकाळी यमूच्या दारात जाऊन बसली. पण आजी आता हट्टाला पेटली होती, दोरी काही बाहेर येईना. बाई रिकाम्या हातानं बसायची, पोर रडत असलं तर ऐकायची, आणि उठून बाकीच्या मुली घेऊन यायची. असा महिना गेला. मग एका सकाळी बाळ काही केल्या राहीना, आणि दोरीचं टोक उंबऱ्याबाहेर येऊन पडलं. त्या दिवशी यमू नवाला शाळेत आली आणि मी दार उघडंच ठेवलं होतं.

चैत्रात बाईनंच सुचवलं की हळदीकुंकू शाळेत करू. मुलींच्या आया आल्या, कैरीची डाळ खाल्ली आणि लेकींचे कित्ते बोटानं चाचपून पाहिले. यमूची आईही भिंतीला धरून आली होती. हळदीकुंकू मुलींनी लावलं. बाई आणि मी, दोघी विधवा, मागच्या दारी भांडी विसळत होतो.

त्याच साली थंडीत एका सकाळी नऊ वाजले, साडेनऊ वाजले. एकही मुलगी नाही, बाईचाही पत्ता नाही. इतकी सवलत दिल्याचं हे फळ, असं पुटपुटत मी यमूचं घर गाठलं. आजी ओटीवर उभी होती, अंगावर ओलं लुगडं, थंडीनं कुडकुडत. घरात कोणी गेलं की काय, असं मला वाटलं.

“बाई गेली. पहाटेच नेली,” आजी म्हणाली. “तुम्हांला ठाऊक नाही?”

मला ठाऊक नव्हतं. ज्या बाईला त्या घरानं उंबऱ्याआत घेतलं नाही, तिच्या नावानं तिथं स्नान झालं होतं, आणि मी तिची गैरहजरी मांडायला निघाले होते.

“काल तापानं फणफणत होती, तरी येऊन बसली,” आजी सांगत होती. “म्हणाली, पोरीची चौथी होऊ द्या. मी हो म्हटलंय.” मग आत वळून तिनं हाक मारली, “यमे, जा मास्तरीणबाईंबरोबर.”

आम्ही दोघी निघालो. यमू रडली नाही, पाटी छातीशी धरून चालत होती. शाळा दिसायला लागली तशी ती एका बुटक्या दारापाशी थांबली. एकच खोली असावी. कडीला साखळी घातलेली होती आणि पायरी कोणीतरी धुऊन काढली होती.

“बाई इथं राहायची,” यमू म्हणाली.

दीड वर्ष मी रोज त्याच दारावरून शाळेत जात होते. घंटेला उशीर होऊ नये म्हणून भरभर.