नवस एकाचा, पोर दोघांचं

हळद शिजायला लागली की साऱ्या शिवारावर एक उष्ण, कडसर, मातीच्या अंतरंगातून आल्यासारखा गंध पसरतो. सकाळच्या धुक्यात तो मिसळला की धुकं कुठलं आणि वाफ कुठली, हे डोळ्यांना उमगत नाही. सांगलीच्या पेठेत हीच हळद पोत्यांतून भेटते तेव्हा ती व्यापाऱ्यांची झालेली असते. पण शिराळ्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी, ती अजून ओली, गरम आणि कुणाच्या तरी घरची असते. माझ्या नोकरीची सर्वांत आवडती वर्षं मी त्या गंधात काढली. आरोग्य उपकेंद्राची मी परिचारिका. सारं गाव मला सिस्टर म्हणे. आणि त्या गंधाबरोबर आजही मला पहिली आठवते ती हौसाक्का.

हौसाक्का तेव्हा चाळिशीला टेकली होती. तिचे यजमान फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन नुकतेच घरी आलेले. त्यांना नावानं हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं, ते सगळ्यांचेच हवालदार. दोनदा आशा लागून दोनदा मावळलेली. देवधर्म झाला, औषधपाणी झालं, आणि मग त्या घरात मुलाचा विषय निघेनासा झाला. एके दिवशी ती पोटाची तक्रार घेऊन आली. तपासून मी म्हणाले, "आक्का, दिवस गेलेत तुम्हाला." ती पदर तोंडावर धरून हसत सुटली.

"सिस्टर, म्हातारीची चेष्टा करताय व्हय?"

ते हसू मला ओळखीचं वाटलं! आमच्या सांगलीच्या घरात, माझ्या वडिलांच्या तोंडून मी ते कितीदा ऐकलं होतं. आम्ही ख्रिस्ती. संध्याकाळची प्रार्थना झाली की अण्णा आम्हा भावंडांना पूर्वजांच्या कथा सांगत. अब्राहामाच्या दारी पाहुणे येतात, जेवतात आणि म्हणतात, पुढच्या वर्षी तुझ्या बायकोच्या मांडीवर मुलगा असेल; आणि तंबूच्या दाराआड उभी असलेली म्हातारी सारा स्वतःशीच हसते. म्हणून मुलाचं नाव इसहाक, म्हणजे हसू. अण्णा म्हणत, ही माणसं देवाशी करार करतात खरी, पण राहतात आपल्यासारखीच. विहिरींवरून भांडतात, एका लेकरावर जास्त माया करतात, भावाला फसवतात आणि पुष्कळ वर्षांनी त्याच्याच गळ्यात पडून रडतात. देवानं करार केला तो निर्दोष साधूंशी नव्हे; असल्या गुंतागुंतीच्या, चुकणाऱ्या, एकमेकांना धरून राहणाऱ्या कुटुंबांशी. लहानपणी मला त्या वाक्याचं काही वाटत नसे. आता वाटतं, अण्णांची सगळी श्रद्धा त्या एका वाक्यात सामावली होती.

हौसाक्काचे दिवस भरले ते हळदीच्या हंगामात. बाळ आडवं होतं. मोठ्या दवाखान्यात न्यायला जीप बोलावली होती, पण ती यायच्या आतच गोष्टी हाताबाहेर जाऊ लागल्या. मी आत माझं शिक्षण आणि माझी प्रार्थना दोन्ही पणाला लावून झगडत होते. बाहेर ओट्यावर हवालदार डोंगरावरच्या भैरोबाच्या देवळाकडे तोंड करून उभे होते. त्यांचा आवाज मला खिडकीतून स्वच्छ ऐकू आला.

"भैरोबा, पोर जित्तं माझ्या हातात दे. तुझ्या नावानं फौजेला देतो."

बाळ हातात आलं, थोडा वेळ निपचित राहिलं आणि मग असं रडलं की बाहेरच्या बायका हसायला लागल्या. त्याचं नाव आनंदा ठेवलं. बारशाच्या दिवशी हवालदारांनी भरल्या मांडवात आपला नवस अभिमानानं सांगितला. लोक धन्य धन्य म्हणाले. मी हौसाक्काकडे पाहिलं. तिला हा नवस त्याच क्षणी पहिल्यांदा कळत होता. तिनं पाळण्याची दोरी घट्ट धरली.

दुपारी कामं आटोपली की ती मुलाला कडेवर घेऊन माझ्या खोलीवर यायची. "तुमच्या पुराणातलं कायतरी सांगा," म्हणायची. मी सांगायचे. तंबू, मेंढरं, विहिरी ऐकून ती खूश व्हायची, "ही तर आपल्या धनगरांसारखी मानसं की!" एकदा मी अब्राहामाच्या कसोटीची कथा सांगितली. देव मुलगा मागतो. बाप पहाटे उठतो, लाकडं फोडतो, मुलाला घेऊन डोंगराकडे निघतो. मुलगा विचारतो, लाकडं आहेत, विस्तव आहे, बळीचं कोकरू कुठं आहे? बाप म्हणतो, देव बघून घेईल. आणि शेवटच्या क्षणी देव त्याचा हात थांबवतो. कथा संपली तेव्हा हौसाक्काच्या मांडीवर आनंदा झोपला होता.

"आनी आईला इचारलं का न्हाई कुनी?"

मी पुन्हा सगळं वाचून पाहिलं. नाही, साराला कुणी विचारलं नाही. पहाटे दोघं घरातून निघाले तेव्हा ती जागी होती की झोपेत, तेही लिहिलेलं नाही. डोंगर चढताना बापलेक बरोबर चालले, असं आहे. उतरताना मात्र बापाचाच उल्लेख आहे. मुलगा कुठं गेला? त्याच्या मनाचं काय झालं? आणि त्यानंतर सारा आपल्याला भेटते ती एकदम तिच्या मृत्यूच्याच वार्तेत. श्रद्धेची एवढी उत्तुंग कथा, आणि तिच्यात एका आईपुरती जागा नसावी? मी हौसाक्काला एवढंच म्हणाले, "लिहिलेलं नाही, आक्का." ती म्हणाली, "व्हय, लिवनार कोन?"

माझी बदली झाली, पुढे मी निवृत्त होऊन सांगलीत राहायला आले, पण सणासुदीला जाणं-येणं राहिलं. आनंदा उंचपुरा झाला. उजाडताच डांबरी रस्त्यावर पळायचा. गावात सगळे त्याला देवाचा शिपाई म्हणायचे, आणि तो त्यावर नुसतं हसायचा. भरतीत त्याची निवड झाली तेव्हा हवालदारांनी गावभर पेढे वाटले आणि मला बोलावणं धाडलं. पोरगं निघायच्या आधी भैरोबापुढं नेऊन नवस फेडायचा होता. "तुमच्या हातावर जन्मल्यालं पोर हाय," ते फोनवर म्हणाले, "तुमी पायजेच."

सकाळी नारळ, गुलाल, हार पिशवीत भरून हवालदार आणि आनंदा अंगणात उभे राहिले. हौसाक्काचे गुडघे कधीचेच गेलेले. ती घरी थांबणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ती काठी घेऊन बाहेर आली.

"अगं, तुला चढवनार न्हाई," हवालदार म्हणाले.

"बसत बसत यीन." मग माझ्याकडे वळून, "तुमच्या पुराणातली ती आई घरात राह्यली. मी न्हाई राहनार."

वाट खडकाळ. आम्ही थांबत थांबत चढलो. आनंदा आईच्या काखेत हात घालून तिला एकेक पायरी वर घेत होता, आणि खाली उसाची हिरवी पट्टी रुंद होत चालली होती. देवळात पोचल्यावर हवालदारांनी मुलाला गाभाऱ्यासमोर उभं केलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलायला तोंड उघडलं.

"थांबा," हौसाक्का म्हणाली.

पुजाऱ्यानं घंटेवरचा हात काढला.

"नवस तुमचा हाय. पोर दोघांचं हाय. नवस बोलताना मला कुनी इचारलं न्हाई, मी मरत व्हते, म्हनून सोडून दिलं. पर ह्याला तरी इचारलं का? आनंदा, देवाफुडं सांग. तुला जायाचं हाय का?"

तिला कोणतं उत्तर हवं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर इतकं उघड होतं की मला तिकडे पाहवेना. आनंदा गाभाऱ्याकडून आईकडे वळला.

"जायाचं हाय, आये," तो म्हणाला. "पर नवसाचा म्हनून न्हाई. ल्हानपनापासनं समदी म्हनत्यात, ह्ये दिल्यालं पोर. मी काय नारळ हाय का? आबांनी मला दिऊ नये. माझा मी जातो."

हवालदारांचा हात मुलाच्या खांद्यावरून आपोआप खाली आला. सीमेवर बर्फात उभा राहिलेला तो माणूस देवळाच्या पायरीवर बसला आणि पागोट्याच्या शेवानं डोळे पुसू लागला. काही वेळानं त्यांनी देवाकडे बघत हात जोडले. "भैरोबा, माझा शबुद मी मागं घेतो. रागवायचं तर माझ्यावर रागाव. पोरगं माझं न्हाई, त्याचं त्यो हाय." हौसाक्का खांबाला धरून उभी होती. तिला नको असलेलं उत्तर मिळालं होतं, तरी ती म्हणाली, "इचारलं म्हंजी ऐकलं पायजे," आणि तिनं स्वतः नारळ उचलून मुलाच्या हातात दिला. "तूच फोड."

उतरताना आनंदा एका बाजूला आईला आणि दुसऱ्या बाजूला बापाला धरून चालत होता. मी मागून येत होते आणि वारंवार डोळे पुसत होते.

श्रद्धा म्हणजे काय, हे मी आयुष्यभर आमच्या चर्चच्या आणि भैरोबाच्या, अशा दोन्ही देवळांच्या दारांत उभी राहून पाहिलं आहे. पूर्वी मला वाटे, न विचारता, न थरथरता देऊन टाकणं म्हणजे श्रद्धा. आता तसं वाटत नाही. जो करार विचारण्याला भितो, तो करार कसला? प्रेमाला प्रश्न सोसतात, मग देवाला सोसणार नाहीत होय!

आनंदा सध्या कुठल्या तरी थंड मुलखात आहे. नाव तो सांगत नाही. फोन आला की हवालदार उचलत नाहीत. हौसाक्काच बोलते, रागावते, हसते. हवालदार मात्र अजूनही दर रविवारी डोंगर चढतात. गेल्या खेपेला मी त्यांना विचारलं, "आता काय मागता भैरोबाकडं?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"काय मागत न्हाई, सिस्टर. बोलत बी न्हाई. नुसता समोर बसतो. माझा शबुद दिऊन झाला, घिऊन झाला. आता शबुद द्यायची पाळी त्याची हाय."