तीन वाचनं

आमच्या गावचा एक म्हातारा उजवा हात खांद्याएवढा वर करायचा, घसा साफ करायचा आणि म्हणायचा, "हरकतीचा मुद्दा हाय!" आमच्या दूध सोसायटीच्या सभेत त्यावर लई हसू व्हायचं. तुमच्याही गावात असा एखादा असेल. त्याला नीट बघून घ्या.

मुंबईला विधानसभेच्या दारावर त्याची जन्मभर उभी नोकरी. आत आमदार भांडायचे, हा दारात उभा राहून ऐकायचा. नोकरी संपल्यावर नेकनूरकडच्या आमच्या गावी आला तो नियम घेऊनच. बायको गेलेली, लेक दिंद्रुडला दिलेली. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून सभेला सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा.

"कायदा एका दमात होत न्हाई," तो सांगायचा. "पहिलं वाचन म्हंजे पोरगी बघनं. दुसरं म्हंजे बैठक, एकेक कलम बोलून घ्यायचं. तिसऱ्याला अक्षता."

मला ते पटायचं नाही. मी चौथीत शाळा सोडली, पण माझा शब्द गावात चालायचा. आमच्याकडं चेअरमननं तोंड उघडलं की "मंजूर, मंजूर", आणि चहा.

दुष्काळात सोसायटीच्या विहिरीलाच तेवढं पाणी उरलं. ते टँकरला द्यायचा चेअरमनचा ठराव आला; त्यातून जनावरांचीही सोय होईल असं आम्ही धरून चाललो. हा उठला. "हरकतीचा मुद्दा! कलमं वाचा. सभासदाला इचार करायला दोन दिवस द्या. तिथं तसंच करत्यात."

मी ओरडलो, "बस बे दरवाना! हितं जित्राबं मरायलीत, तुझं वाचन कावून ऐकायचं?"

सभा खदखदून हसली. तो खाली बसला. एवढंच म्हणाला, "सभागृहाची मर्जी."

दुसऱ्या दिवशी बैलं घेऊन विहिरीजवळच्या हौदावर गेलो, तर हौद कोरडा. मोटार चालवणारा गडी म्हणाला, "कलम चार, आबा. समदं पानी टँकरला. सभासदाच्या जनावराला न्हाई."

संध्याकाळी दरवान माझ्या दारात. टोमणा नाही, काही नाही. हातात कागद. "आबा, दुरुस्ती लिहून आनली. चौथ्या कलमात 'सभासदांच्या जनावरांचं पानी सोडून' एवढं घालायचं. सूचक तुमी, अनुमोदक मी."

"मंग तूच कर की आधी सही."

"न्हाई. आधी सूचक, मंग अनुमोदक. नियम हाय."

ठेवून जा म्हणालो. बस म्हणालो नाही. चुकलो म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. आठ दिवस कागद तसाच. बैलजोडी उमापूरच्या पाहुण्याकडं धाडावी लागली.

नवव्या दिवशी सही करून त्याच्या घरी गेलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "मामाला ताप भरला, लेक घिऊन गेली. परवापतूर दारातच बसलते, आबा येतील म्हनून."

दिंद्रुडलाच तो वारला. मी कागद घेऊन घरोघर हिंडलो. चेअरमनच्या विरोधात नाव कुणी घालेना, आणि एकट्या सूचकाची सूचना सभेत घेत नाहीत.

कागद अजून माझ्याकडं आहे. माझी वाकडी सही, तिच्याखाली कोरी जागा. मध्यंतरी एकजण म्हणाला, "आणा आबा, मी करतो सही." मी दिला नाही. तिथं दुसऱ्या कुणाची सही मला चालायची नाही.